सहाव्या वर्तुळाचा बाण

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की बाई अशा का बोलतात. परळच्या चाळीत वाढले मी. आमच्या मजल्यावर हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नसे. आई म्हणायची, "गो बाय, तोंड आवर जरा, नायतर तुझा कसा होतला?" माझं तसं बरंच झालं. दादरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात बावीस वर्षं शिकवते आहे. तोंड मात्र आवरलेलं नाही.

विषय ऑटोमॅटा थिअरी. हे काय असतं ते नातेवाइकांना सांगून सांगून मी हात टेकले. एका मावशीला अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. दर दिवाळीला ती नातवाचा बिघडलेला प्रिंटर माझ्यासाठी काढून ठेवते. खरं तर आमच्या विषयाला कॉम्प्युटरसुद्धा लागत नाही. कागदावर काही वर्तुळं काढायची. एकातून दुसऱ्यात जाणारे बाण काढायचे आणि बाणांवर एक किंवा शून्य लिहायचं. झालं यंत्र. मग त्याला एक-शून्यांची माळ द्यायची, तिला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. यंत्र एकेक चिन्ह वाचतं आणि त्या बाणाने पुढच्या वर्तुळात जातं. माळ संपली तेव्हा ते दुहेरी कडेच्या वर्तुळात उभं असेल तर उत्तर 'हो', नाहीतर 'नाही'. ना लोखंड, ना वीज, ना तेलपाणी.

हे मला ज्यांनी शिकवलं ते सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, शिवाजी पार्कला राहतात. मी मराठी शाळेतून आलेली, पुस्तकं सगळी इंग्रजीत. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी तीन मिळाले होते. मी वर्गातच पेपर चुरगळला. सरांनी तो उचलला, हाताने सरळ केला आणि म्हणाले, "चार वाजता स्टाफरूममध्ये ये. आणि असा चुरगळू नकोस, मागची बाजू कोरी आहे." त्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला पहिलं यंत्र मराठीत शिकवलं. म्हणाले, "याला सगळं आठवत नसतं. कुठल्या वर्तुळात उभं आहे, तीच त्याची आठवण. म्हणून प्रत्येक वर्तुळापाशी थांबायचं आणि विचारायचं, बाबा रे, इथे उभं असताना तुला काय माहीत असायला हवं?" सहा महिने ते मला असं शिकवत होते. एक पैसा घेतला नाही, उपकार केल्याचा आवही आणला नाही. मी आज जी काही आहे ती त्या चार वाजताच्या स्टाफरूममुळे आहे, हे मी कुठेही उभी राहून सांगेन.

त्यांचा एक नियम होता. यंत्र काढून झालं की ते मोडून बघायचं. म्हणजे काय, तर सगळी पोरं आपल्या यंत्राला आवडेल तीच स्ट्रिंग भरवतात, लाडक्या नातवाला भरवावं तशी. यंत्र 'हो' म्हणालं की खूश. सर म्हणत, "त्याला न झेपणारी भरवा. लांबलचक द्या, उलटीसुलटी द्या. तुम्ही नाही मोडलंत तर परीक्षक मोडेल." उत्तराखाली अशा तीन स्ट्रिंग लिहून दाखवल्याशिवाय ते गुण देत नसत. मी शिकवायला लागले तेव्हा हा नियम तस्साच उचलला. पोरं कुरकुरतात, मी ऐकत नाही.

निवृत्त होताना सरांनी मला त्यांची सोडवलेल्या उदाहरणांची वही दिली. निळं कव्हर, आत सरांचं ते मोत्यासारखं अक्षर. त्या वहीतलं एकेक यंत्र मी फळ्यावर उतरवत आले. माझ्या नोट्स म्हणून ज्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतात त्याही त्याच वहीतल्या. आता कबूल करायची गोष्ट म्हणजे, पोरांचं प्रत्येक यंत्र मोडून बघणाऱ्या मी त्या वहीतलं एकही कधी मोडून बघितलं नाही. सरांचं यंत्र मोडून बघायचं? देवघरातली मूर्ती खरी चांदीची आहे का म्हणून कानशीने घासून बघतं का कुणी?

आमच्या लॅबमध्ये एक असिस्टंट होती. लालबागची, तिशी ओलांडलेली, डिप्लोमा झालेली. दहा वर्षं कंत्राटावर. लॅब उघडायची, मशीन चालू करायची, पोरांनी उपटलेल्या वायरी पुन्हा लावायच्या, आणि प्राचार्यांच्या परवानगीने मधल्या वेळात तासांना बसून डिग्री करायची. सगळे विषय सुटले होते, एक अडकला होता. माझा. त्यातच परीक्षेच्या आधी कॉलेजात टेक्निकल असिस्टंटची कायमची जागा निघाली. डिग्रीचा निकाल हातात हवा आणि अर्जाची मुदत निकालानंतरच्या शनिवारपर्यंत. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. अशी जागा आमच्याकडे दहा-बारा वर्षांत एकदा निघते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस लागतात, तिला माझ्या विषयात चौतीस. पेपर तपासताना नावावर पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे कुणाचा पेपर हे मला कळत नाही. निकालाच्या यादीत मी तिचं नाव पाहिलं, वाईट वाटलं, आणि चहा घेऊन पुढच्या तासाला गेले.

सोमवारी दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली. हातात तिच्या पेपरची फोटोकॉपी. ती तशी अबोल आहे, माझ्यापुढे तर फारच.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तिसऱ्या प्रश्नात दहापैकी दोन आहेत. माझं कुठे चुकलं तेवढं दाखवाल?"

"चुकल्याशिवाय का मी आठ कापले?" मी म्हणाले आणि फोटोकॉपी ओढून घेतली.

प्रश्न सरांच्या वहीतला. एक-शून्यांची कुठलीही माळ येऊ दे, तिचा शेवट एक-एक-शून्य-एक-एक असा झाला तरच यंत्राने 'हो' म्हणायचं. सहा वर्तुळं लागतात. पहिल्यात यंत्राच्या हाती काहीच लागलेलं नसतं. दुसऱ्यात पहिलं चिन्ह जुळलेलं, तिसऱ्यात दोन, असं करत सहाव्यात पाचही जुळलेली. त्या सहाव्याला दुहेरी कडा. आता सहाव्यात उभं असताना पुढे आणखी एक शून्य आलं तर कुठे जायचं? वहीतला बाण तिथून निघून सरळ पहिल्या वर्तुळात जात होता. जुळलेलं सगळं विसरा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. हिचा बाण मात्र चौथ्या वर्तुळात गेला होता.

"हा बघ. हा बाण पहिल्यात जायला हवा. बाण चुकला म्हणजे यंत्र चुकलं, माझ्याकडे अर्धं बरोबर नसतं." एवढं बोलून मी मागचं पान उलटलं तर तिथे अख्खं वहीतलं यंत्र काढलेलं, सहाव्यातून पहिल्यात जाणाऱ्या बाणासकट, आणि त्याच्यावर मोठी फुली! खोडलेलं आम्ही तपासत नाही, त्यामुळे ते तेव्हा माझ्या डोळ्यांखालून गेलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. "अगं, बरोबर काढलेलं खोडलंस? अक्कल गहाण टाकली होतीस काय? दहाच्या दहा मिळाले असते! पास झाली असतीस!"

ती माझ्या टेबलाच्या कडेला उभी होती, तिथेच तिने दोन्ही हात ठेवले.

इथे सांगायला हवं की ती ढोल वाजवते. बायकांच्या पथकात, सोळाव्या वर्षापासून. पाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते तेव्हा नऊवारी नेसून, कमरेला एवढा थोरला ढोल बांधून ती चार-चार तास वाजवत चालते. ढोलाच्या एका बाजूला हाताची थाप पडते, दुसऱ्या बाजूला टिपरूचा, म्हणजे काठीचा, टोला.

"मॅडम, एक म्हणजे थाप धरा, शून्य म्हणजे टोला," ती म्हणाली आणि टेबलावर वाजवायला लागली. थाप थाप टोला थाप थाप. "ही पाचाची ओळ. आता हीच पथकात सलग वाजवली तर आम्ही पाच वाजवून थांबत नाही. शेवटच्या दोन थापा असतात ना, त्याच पुढच्या ओळीच्या पहिल्या दोन. त्यांच्यावरच पुढचा टोला पडतो." तिने सलग वाजवून दाखवलं. थाप थाप टोला थाप थाप टोला थाप थाप. "आता यातले शेवटचे पाचच ऐका."

शेवटचे पाच म्हणजे पुन्हा तेच, थाप थाप टोला थाप थाप. यंत्राने 'हो' म्हणायलाच हवं.

मी पेन्सिल घेतली आणि वहीतल्या यंत्रावर ही आठ चिन्हं चालवली. पाचव्या चिन्हाला सहाव्या वर्तुळात, इथवर छान. मग शून्य आलं आणि बाणाने मला उचलून पहिल्या वर्तुळात टाकलं. तिथून एक, दुसरं. आणखी एक, तिसरं. माळ संपली. तिसऱ्या वर्तुळाला दुहेरी कडा नाही. म्हणजे उत्तर 'नाही'.

मी पुन्हा चालवली. पुन्हा 'नाही'. मग तिच्या यंत्रावर चालवली. सहाव्यातून चौथ्यात, पाचव्यात, पुन्हा सहाव्यात. 'हो'. तो टोला पडल्यावर यंत्राच्या हाती दोन थापा आणि एक टोला आधीच होते, ते त्याने विसरायचं कारणच नव्हतं. इथे उभं असताना तुला काय माहीत असायला हवं, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. बावीस वर्षं ते वाक्य लिहिलेल्या फळ्यावरच हे चुकलेलं यंत्र काढत होते.

कानशिलं तापली माझी. तेव्हाच्या तेव्हा "तू बरोबर आहेस" म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं. "ठेव हे इथे, बघते. जा आता, लॅब उघडी टाकून आलीस ना," असं म्हणाले. ती "हो मॅडम" म्हणून गेली. या गोष्टीतल्या इतर चुकांची मला लाज वाटते, पण या वाक्याची सगळ्यांत जास्त.

परीक्षा विभागाच्या प्रमुखांकडे गेले. माणूस चांगला आहे, माझ्याशी जपून बोलतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. तिने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, तुम्ही आठ गुण वाढवायचे, परवा निकाल. बेचाळीस. मुलगी पास, विषय संपला."

"आणि बाकीचे? आणखी कुणी तिच्यासारखं बरोबर काढलं असेल तर?"

"त्यांनी तक्रार केली आहे का? मॅडम, मॉडेल आन्सरच चुकलं असं तुम्ही लिहून दिलंत तर एकाहत्तर पेपर पुन्हा उघडावे लागतील. समिती बसणार, तीन सह्या लागणार, दहा दिवस सहज जातील. तोवर कुणाचाच निकाल नाही, तिचाही नाही. तिचा शनिवार हुकला तर त्याला जबाबदार कोण?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचंही नाव राहील."

खरं सांगते, मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. तिचं भलं होत होतं आणि माझी अब्रू राहत होती, आणखी काय हवं? फक्त यंत्र सरांचं होतं, त्यांना न विचारता ते झाकायला मन धजेना. म्हणून संध्याकाळी वही पिशवीत घालून शिवाजी पार्कला सरांकडे गेले.

सर नुकतेच फेरी मारून कट्ट्यावरून आले होते. मी चप्पल काढायच्या आत बोलायला लागले. "सर, हे यंत्र चुकलंय," असं सरांना म्हणायचं म्हणजे काय ते माझं मलाच माहीत. त्यांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि म्हणाले, "स्ट्रिंग सांग." मी सांगितली. ते बोट ठेवून चालत गेले, एक वर्तुळ, दुसरं वर्तुळ. सहाव्याशी थांबले. मग एकदम मोठ्याने हसले.

"हो की गं! चुकलंच की! कसा काय गेला हा बाण तिकडे?" असे हसले की खोकला आला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "किती वर्षं शिकवतेस हे?"

"बावीस."

"आणि एकदाही मोडून बघितलं नाहीस?"

"तुमचं होतं, सर."

"म्हणून?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत सर माझ्यावर ओरडलेले मला आठवत नाहीत. "चुरगळलेल्या पेपरावर सहा महिने बसून मी तुला काय शिकवलं मग? माझं असलं तरी मोडून बघ हेच ना? का फक्त नमस्कार करायला शिकवलं?"

मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेली बाई मी, त्यांच्या सोफ्यावर बसून पदराने डोळे पुसत होते. मी त्यांना प्रमुखांचं म्हणणं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. त्यांनी लगेच पेन मागितलं. म्हणाले, "लिहून देतो, यंत्र माझं आहे, माझं नाव घाल. मला या वयात कोण काय करणार आहे?" मी म्हणाले, मुळीच नाही, फळ्यावर मी काढलं. ते म्हणाले, वही माझी. यावरून आम्ही दोघं चांगलं अर्धा तास भांडलो. शेवटी ते दमले आणि म्हणाले, "बरं, तू लिही. पण तिला आधी विचार. शनिवार तिचा आहे, तुझा नाही. आणि तिला माझा नमस्कार सांग. माझी चूक शोधणारं इतक्या वर्षांत कुणी भेटलं नव्हतं." भांडूनही सरांबद्दल इतकी माया मला याआधी कधी वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळी मी स्वतः लॅबमध्ये गेले. ती टेबलाखाली वाकून वायर लावत होती. मी म्हणाले, "ऊठ. तुझं बरोबर आहे. माझं चुकलंय. कालच म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही, त्याबद्दलही माफ कर." मग दोन्ही रस्ते तिच्यापुढे ठेवले. एका रस्त्याने परवा निकाल आणि शनिवारी अर्ज. दुसऱ्या रस्त्याने सगळ्यांचे पेपर उघडणार, आणि शनिवार गाठला जाईलच असं सांगता येत नाही.

तिने हातातली वायर आधी नीट जागेवर लावली. मग म्हणाली, "आमच्या पथकात एकीचा ठेका चुकला तर सगळ्यांचे ढोल थांबवतात, मॅडम. मग परत सुरू. माझ्यासारखं काढून कुणी नापास झालं असेल, तर त्यांना कळणार पण नाही." आणि मग डोळे भरून म्हणाली, "पण शनिवार चुकला तर मी रडेन हां. आधीच सांगते."

"तू रडायच्या आत मी मरेन," मी म्हणाले. "चल, कामाला लाग."

त्या चार दिवसांत माझ्या रागाचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. मंगळवारी दुपारीच मी लिहून दिलं. तेव्हा प्रमुखांनी कपाळाला हात लावला, पण मग पहिली सही त्यानेच केली आणि पदर खोचल्यागत तोही माझ्याबरोबर लागला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. समितीतले एक सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बसू. मी त्यांच्या केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसले. "सर, मी इथेच आहे, तुमचं सावकाश होऊ दे." अर्ध्या तासात त्यांनी सही केली. दुसऱ्या बाई रजेवर होत्या, माझगावला घरी. बसने माझगाव गाठलं. त्यांनी पोहे केले, ते खाल्ले आणि सही घेतली. बुधवार-गुरुवार मी आणि बाहेरच्या एका परीक्षकांनी मिळून एकाहत्तर पेपरांचा तिसरा प्रश्न पुन्हा तपासला, खोडलेल्या पानांसकट. ज्यांनी माझं चुकीचं यंत्र पाठ करून लिहिलं होतं त्यांचे गुण आम्ही कापले नाहीत. चूक शिकवणारीची होती. बरोबर काढून मार खाल्लेले आणखी चार निघाले. त्यातला एक तीन गुणांनी नापास झालेला होता.

आधीच्या वर्षांचं काय, हा प्रश्न मला रोज पडतो. ते पेपर केव्हाच रद्दीत गेले. कुणाकुणाची माफी मागायची याची यादीसुद्धा माझ्याकडे नाही. त्या आठवड्यात वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोरं हसतील. एकही हसलं नाही. नंतर शेवटच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, बाकीची वही पण मोडून बघायची का?" मी म्हणाले, बघा. आता ती वही वर्गात फिरते आहे आणि पोरं तिच्यावर तुटून पडली आहेत. अजून दोन चुका काढल्यात. सरांना फोन करून कळवलं की ते खूश होतात.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निकाल लागला. बेचाळीस. शनिवारी सकाळी तिने अर्ज दिला. मी शेजारी उभी होते, कारण खिडकीवरच्या कारकुनाने काही खुसपट काढलं असतं तर त्याची खैर नव्हती. त्याने गुपचूप शिक्का मारला.

महिन्याभराने मुलाखत झाली आणि तिला ती जागा मिळाली. पत्र आलं त्या दिवशी ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन केबिनमध्ये आली आणि पाया पडायला वाकली. मी तिला दंडाला धरून उभं केलं. म्हणाले, "पाया कसली पडतेस? मी तुझे आभार मानायचेत. एकदा नापास केलं मी तुला."

"दोनदा, मॅडम," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब चुकू नये म्हणून सांगावं तसं म्हणाली.

"दोनदा म्हणजे?"

"मागच्या वर्षी पण हाच प्रश्न होता. तेव्हाही मी असंच काढलं होतं, चौथ्यात बाण नेऊन. दोन मिळाले आणि विषय राहिला."

मागच्या वर्षी ती नापास झाली तेव्हा लॅबमध्ये सगळ्यांदेखत मी तिला ऐकवलं होतं की ढोल बडवण्यात संध्याकाळी घालवल्या की असंच होणार. आणि ती मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाली होती. "मग तेव्हा का नाही आलीस माझ्याकडे?"

"तेव्हा वाटलं माझंच चुकलं असणार. मग तुमच्या नोट्स आणल्या, तुमचं यंत्र पाठ केलं. यंदा पेपरात आधी तेच काढलं."

"आणि खोडलंस," मी म्हणाले. "दुसरं काढलं की नापास होतो हे माहीत असून? शनिवारची जागा हातची जाईल हे माहीत असून?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही सांगता ना, उत्तर लिहून झालं की मोडून बघा. पंधरा मिनिटं होती, म्हणून बघितलं. तर ते मोडलं, मॅडम. मोडलेलं तसंच ठेवून घरी कशी जाऊ?"

मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिने बॉक्स उघडून पुढे केला. मी पेढा घेतला, मोडला आणि आधी अर्धा तिच्या हातावर ठेवला.